बेंच पॉवर सप्लाय बिघडला तर: ट्रान्झिस्टर बदलण्याआधी काय मोजायचं

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीपर्यंत, जिथे जिथे सीएनसीची कार्डं, ड्राइव्ह, वजनकाटे किंवा गाड्यांचे ईसीयू दुरुस्त होतात, तिथे टेबलावर ०–३० व्होल्ट, ३ किंवा ५ अँपिअरचा एक बेंच सप्लाय, म्हणजे हवं ते व्होल्टेज आणि करंटची मर्यादा लावून डीसी देणारी पेटी, असतोच. तो बंद पडला की बाकीची सगळी कामं अडतात. मग घाई सुरू होते. "दादा, दोन ट्रान्झिस्टर टाकून द्या की, हुईल चालू." ट्रान्झिस्टर बऱ्याचदा खरंच गेलेला असतो. पण तो का गेला हे न शोधता नवा टाकला, तर तोही जातो. जाताना कलेक्टर-एमिटर शॉर्ट झाला, तर ५ व्होल्टवर लावलेल्या टर्मिनलवर आतले ३५-४० व्होल्ट सरळ येतात आणि गिऱ्हाइकाचं कार्ड त्याच क्षणी संपतं. म्हणून सोल्डरिंग आयर्न गरम करायच्या आधी मीटर हातात घ्यायचा. कुठे कुठे मोजायचं आणि आकडा आला की त्यातून काय समजायचं, ते पुढे क्रमानं दिलं आहे.

हा लेख जुन्या पद्धतीच्या, म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर असलेल्या लिनिअर सप्लायबद्दल आहे. ओळखायचा कसा? उचलून बघा. ३ अँपिअरचा लिनिअर सप्लाय चांगला जड लागतो. हलका लागला तर तो एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचा सप्लाय. त्याच्या प्रायमरी कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि तो भाग मेनपासून वेगळा नसतो. एसएमपीएसची सवय नसेल तर तो उघडू नका.

झाकण उघडण्याआधी

आधी बाहेरूनच लक्षण नीट पकडायचं. व्होल्टेज आणि करंट, दोन्ही नॉब मध्यावर ठेवा. टर्मिनलला काही जोडू नका. चालू करा आणि टर्मिनलवर स्वतःचा मल्टिमीटर लावून मोजा. सप्लायच्या डिस्प्लेवर विसंबू नका, कारण कधी कधी डिस्प्लेच खोटं बोलतो.

डिस्प्ले, पंखा, दिवा सगळंच बंद असेल तर दोष मेनच्या बाजूला आहे. डिस्प्ले चालू, आउटपुट शून्य आणि सीसीचा, म्हणजे करंट लिमिटचा दिवा पेटलेला असेल तर सप्लायला वाटतंय की कुणीतरी भरपूर करंट ओढतंय. नॉब फिरवून काहीच फरक पडत नाही आणि आउटपुट सतत फुल असेल, तर पास ट्रान्झिस्टर, म्हणजे आउटपुटचा करंट ज्यातून जातो तो, शॉर्ट आहे किंवा त्याला चालवणारं सर्किट बेकाबू झालंय. बिनलोड बरोबर आणि लोड दिला की व्होल्टेज पडतं, हे चौथं लक्षण. सगळ्यात जास्त वेळ तेच खातं.

लोडसाठी महागडं काही लागत नाही. मोटरसायकलच्या दुकानातून १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब आणा. १२ व्होल्टवर तो सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो. हेडलाइटचा ६०/५५ वॅटचा बल्ब एका फिलॅमेंटवर साडेचार-पाच अँपिअर घेतो. बल्ब थंड असताना त्याचा रेझिस्टन्स खूप कमी असतो, त्यामुळे जोडताक्षणी करंट लिमिट काम करतं की नाही हेही कळून जातं.

आता सप्लाय बंद करा, प्लग काढा आणि आउटपुट टर्मिनलवर ओहम मोजा. दोन्ही बाजूंनी शून्याच्या जवळ आकडा आला तर थांबा. बहुतेक सप्लायमध्ये आउटपुटला उलटा जोडलेला एक संरक्षक डायोड असतो. कुणी चार्जिंगसाठी बॅटरी उलटी लावली की बॅटरीचा सगळा करंट त्या डायोडमधून जातो आणि तो शॉर्ट होतो. मग आउटपुट शून्य, सीसीचा दिवा चालू, आणि आत कितीही ट्रान्झिस्टर बदलले तरी फरक शून्य. बॅटरीची कामं चालतात त्या वर्कशॉपमध्ये हाच डायोड मी सगळ्यात आधी तपासतो.

जिवाची काळजी

प्लग काढून ठेवायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. पुष्कळ सप्लायमध्ये स्विच एकाच वायरवर असतो, आणि भिंतीच्या बोर्डात फेज-न्यूट्रल उलटं असेल तर स्विच बंद असूनही आत फेज असतो.

मोठा फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करायला ४७० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर पक्कडीत धरून पंधरा-वीस सेकंद लावा, मग मीटरनं शून्य झालाय याची खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी काढायची सवय सोडा. कपॅसिटरच्या आतल्या जोडण्यांना धक्का बसतो आणि डोळ्यांना धोका असतो.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरायचाच. मेनच्या फेजमध्ये १०० वॅटचा साधा फिलॅमेंटचा बल्ब, एलईडी चालत नाही. चालू करताच बल्ब क्षणभर उजळतो, कपॅसिटर भरला की मंद होतो किंवा विझतो. पूर्ण प्रकाशानं पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, पण बल्बमुळे बाकीचं काही जळत नाही.

डोळे आणि नाक

झाकण उघडल्यावर लगेच मोजायला लागू नका. उजेडात बोर्ड नीट बघा. फाउंड्रीजवळच्या वर्कशॉपमधून आलेल्या सप्लायमध्ये वाळूची आणि कोळशाची बारीक काळी धूळ बसलेली असते. उन्हाळ्यात ती काही करत नाही. जूनमध्ये कोल्हापूरचा पाऊस लागला की ती ओल धरते आणि प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरनं फिरवायचे छोटे रेझिस्टर) व ऑप-अँपच्या (व्होल्टेज-करंट सांभाळणाऱ्या आयसीच्या) पायांमधून गळती सुरू होते. पावसाळ्यातच व्होल्टेज सरकतं, अशी तक्रार आली की आधी बोर्ड धुवायचा. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, मग पूर्ण वाळू द्या. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा थेट मारू नका. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि पंखा भरधाव फिरून त्याचं बेअरिंगही खराब होतं. हुपरीकडच्या मुलाम्याच्या कामातून आलेला सप्लाय असेल तर बाष्पानं हिरव्या पडलेल्या तांब्याच्या जोडण्या शोधा. बाहेरून वायर धडधाकट दिसते, पण इन्सुलेशनच्या आत ती खाल्लेली असते.

फुगलेले कपॅसिटर, तपकिरी पडलेला बोर्ड, रिलेच्या पायांभोवती गोल चीर पडलेलं सोल्डर, ट्रान्सफॉर्मरच्या कनेक्टरवरचे काळे डाग, टर्मिनलवर जळून चिकटलेली पाल किंवा झुरळ. हे सगळं डोळ्यांना दिसतं. दिसलं की मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वायरिंग परत जोडताना त्याचा उपयोग होतो.

मेनपासून कपॅसिटरपर्यंत

फ्यूज आधी, आणि तो कसा गेलाय ते बघायचं. काच स्वच्छ आणि तार मधेच तुटलेली असेल तर हळूहळू थकून किंवा थोड्या ओव्हरलोडनं गेलाय. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर सणसणीत शॉर्ट झालाय, आणि नुसता फ्यूज बदलून चालू केलंत तर दुसराही उडणार. फ्यूजला तांब्याची तार गुंडाळलेले सप्लाय अजूनही येतात. ती तार काढून फेका आणि मागच्या बाजूला छापलेल्या रेटिंगचाच फ्यूज घाला.

फ्यूज ठीक असून सगळं बंद असेल तर प्लगच्या दोन पिनांवर, स्विच चालू ठेवून, ओहम मोजा. काही ओहम ते काही दहा ओहम यायला हवेत. ओपन आलं तर मेन कॉर्ड, स्विच आणि ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी वेगवेगळी तपासा. काही ट्रान्सफॉर्मरमध्ये बाहेरच्या टेपखाली थर्मल फ्यूज असतो. वाइंडिंग जळलं असं ठरवण्याआधी टेप सोडवून तो बघा. वाइंडिंग खरंच जळलं असेल तर उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग करणारे पुष्कळ आहेत, पण त्यांना तारेचा गेज, टर्न आणि प्रत्येक टॅपचं (वाइंडिंगच्या मधून काढलेल्या टोकाचं) व्होल्टेज लिहून द्यावं लागतं. जुनं वाइंडिंग उलगडताना टर्न मोजायला सांगा.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेलेला सप्लाय असेल तर ट्रान्सफॉर्मर पूर्ण वाळवून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) प्रायमरी आणि कोअर, प्रायमरी आणि सेकंडरी, असं दोन्हीकडे इन्सुलेशन बघा. त्यासाठी सेकंडरी बोर्डापासून सोडवून घ्यायची. दोन मेगाओहमच्या खाली आकडा आला तर मी तो ट्रान्सफॉर्मर वापरत नाही. साधा मल्टिमीटर इथे फसवतो, कारण तो मोजायला जेमतेम काही व्होल्ट लावतो.

ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारे चार डायोड, मीटरच्या डायोड मोडवर तपासा. एका दिशेनं ०.५ ते ०.६ आणि उलट ओपन. मग सिरीज बोर्डवर चालू करून कपॅसिटरवर डीसी मोजा. ट्रान्सफॉर्मरचे २४ व्होल्ट एसी असतील तर बिनलोड सुमारे ३२-३३ व्होल्ट, २८ असतील तर सुमारे ३८. त्याहून बरंच कमी आलं तर ब्रिजचा एक डायोड ओपन आहे किंवा कपॅसिटर वाळलाय.

आता लोड देऊन मीटर एसी रेंजला घ्या. लोडची ही मोजणी सिरीज बल्ब काढून करायची, नाहीतर बल्बच व्होल्टेज खाईल. ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर ३ अँपिअरला माथा ते तळ सहा-साडेसहा व्होल्टचा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, हिशेबानंच येतो. १०,००० असेल तर तीन व्होल्टच्या आसपास. मीटर आरएमएस दाखवतो, त्यामुळे तिथे आकडा याच्या साधारण तिसरा हिस्सा दिसेल. याच्या दुप्पट-तिप्पट आलं तर कपॅसिटर संपलाय. स्वस्त मीटर एसी रेंजला डीसीही मिसळून दाखवतं, म्हणून प्रोब उलटे करून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा सारखा आकडा आला तरच तो खरा.

रिलेवाला सप्लाय असेल तर इथेच टॅप तपासून घ्या. ३५ व्होल्टमधून ५ व्होल्ट ३ अँपिअर काढायचे तर ट्रान्झिस्टरवर ९० वॅट उष्णता होते. ती कमी करायला खालच्या व्होल्टेजला रिले छोटा टॅप जोडतो. रिलेचा टक् आवाज येतो, पण काँटॅक्ट जळालेले असतात. मग १५-१६ व्होल्टपर्यंत सगळं छान आणि पुढे लोडवर व्होल्टेज चढतच नाही. उलट रिले वरच्या टॅपलाच चिकटला तर सप्लाय वरवर नीट चालतो, फक्त हीटसिंक भाजते, आणि काही आठवड्यांत ट्रान्झिस्टर जातो. बदललेला ट्रान्झिस्टर पुन्हा पुन्हा जातो त्यामागे हे कारण मला फार वेळा सापडलंय.

पास ट्रान्झिस्टर

बहुतेक ठिकाणी २एन३०५५ असतो, मोठ्या सप्लायमध्ये दोन-तीन समांतर. त्याची धातूची बॉडी हाच कलेक्टर. समांतर जोडलेल्यांपैकी एक जरी शॉर्ट असेल तरी बोर्डावर सगळेच शॉर्ट दिसतात, म्हणून प्रत्येकाच्या एमिटर रेझिस्टरचं एक टोक सोडवा आणि मग एकेक तपासा. गेलेला एकच असला तरी सगळे एकाच लॉटचे नवे टाका, म्हणजे करंट सारखा वाटला जातो. नकली ३०५५ बाजारात भरपूर आहेत. आतली चिप एवढीशी असते आणि दोन अँपिअरलाच ती दम तोडते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून मागवताना सगळ्यात स्वस्त नग घेऊ नका.

ट्रान्झिस्टर गेला की त्याच्यासोबत काय गेलं ते बघायचंच: त्याला चालवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, एमिटर रेझिस्टर, त्यामागचा ऑप-अँप. ०.२२ ओहमचा रेझिस्टर मीटरवर मोजता येत नाही, कारण मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स तेवढा असतो. दुसऱ्या सप्लायमधून १ अँपिअर सोडा आणि रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजा. २२० च्या आसपास आले की ठीक. दुरुस्तीनंतरही ही युक्ती कामी येते. ३ अँपिअर लोडवर तिन्ही एमिटर रेझिस्टरवर साधारण सारखे मिलिव्होल्ट दिसले पाहिजेत. एकावर शून्य असेल तर उरलेले दोघं त्याचं ओझं वाहतायत आणि लवकरच जातील.

बसवताना अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा नवा वॉशर, दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर. स्क्रू आवळल्यावर बॉडी आणि हीटसिंक यांच्यात बीप येता कामा नये. काही सप्लायमध्ये हीटसिंकच चॅसिसपासून वेगळी केलेली असते आणि तिथे वॉशर नसतो. म्हणून जुना ट्रान्झिस्टर काढतानाच कसा बसवला होता ते बघून ठेवा.

कंट्रोल सर्किट, आणि काळा प्रोब कुठे लावायचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कंट्रोल सर्किटला वेगळा छोटा सप्लाय असतो, बहुधा ७८१२ आणि ७९१२, म्हणजे अधिक १२ आणि उणे १२ व्होल्टचे रेग्युलेटर. पण त्याचा कॉमन पुष्कळ डिझाइनमध्ये आउटपुटच्या प्लस टर्मिनलला जोडलेला असतो, मायनसला नाही. समजा आउटपुट १५ व्होल्टवर आहे आणि तुम्ही सवयीनं काळा प्रोब मायनसला लावला. ७८१२ च्या आउटपुटवर २७ व्होल्ट दिसतील, ७९१२ च्या आउटपुटवर ३. दोन्ही रेग्युलेटर गेले असं वाटून चांगले पार्ट उपटले जातात. काळा प्रोब ७८१२ च्या मधल्या पायाला लावा, मग अधिक १२ आणि उणे १२ बरोबर दिसतील. ७९१२ चा मधला पाय मात्र कॉमन नसतो, तो इनपुट असतो.

पुढची मोजणी रेफरन्सची, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून आउटपुट ठरतं त्या स्थिर व्होल्टेजची. एलएम ७२३ वापरलं असेल तर १४ पायांच्या आयसीच्या ६ नंबरच्या पायावर, ७ नंबरच्या तुलनेत, ७.१५ व्होल्टच्या आसपास. झेनर किंवा टीएल४३१ असेल तर त्याचा जो असेल तो. नॉब फिरवताना किंवा लोड देताना रेफरन्स हलला तर पुढचं काही तपासायची गरज नाही, दोष तिथेच किंवा त्याच्या आधी आहे.

रेफरन्स स्थिर असेल तर ऑप-अँप. एक व्होल्टेज सांभाळतो, दुसरा करंट, आणि दोघंही एकेका डायोडमधून ड्रायव्हरच्या बेसवर येतात. ज्याचा डायोड चालू आहे त्याच्या हातात सूत्रं आहेत. सप्लाय सीव्हीमध्ये, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवण्यात, असायला हवा तेव्हा करंटवाल्याचा डायोड चालू दिसला, तर करंट मोजणारा शंट रेझिस्टर, करंटचा पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) आणि त्यांच्या वायरी बघा. ऑप-अँप स्वतः गेलाय का हे ओळखायचं सोपं आहे. काम नीट चालू असताना सूत्रं हातात असलेल्याच्या दोन इनपुटमध्ये काही मिलिव्होल्टांचाच फरक असतो. प्लस इनपुट मायनसपेक्षा स्पष्ट वर असूनही आउटपुट खाली चिकटलं असेल, आणि ड्रायव्हर ट्रान्झिस्टर ते खाली ओढत नसेल, तर ऑप-अँप बदला.

पॉटकडे दुर्लक्ष करू नका. कार्बन झिजलेल्या पॉटचा मधला काँटॅक्ट क्षणभर उचलला गेला तर काही सर्किटमध्ये आउटपुट थेट फुलवर उडी मारतं. काटा असलेला जुना ॲनालॉग मीटर लावून पॉट सावकाश फिरवा. काटा कुठे झटका देतो ते लगेच दिसतं, डिजिटल मीटरवर ते निसटतं. काँटॅक्ट क्लीनरनं तो थोडे दिवस सुधारतो. व्होल्टेजचा पॉट असेल तर मी साफ करत बसत नाही, नवाच टाकतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. गोकुळ शिरगावहून एक ३ अँपिअरचा सप्लाय आला. बिनलोड १२.० व्होल्ट. इंडिकेटरचा बल्ब लावला की १०.४, आणि बल्बचा प्रकाश किंचित थरथरतोय. ट्रान्झिस्टर आधीच कुणीतरी बदललेले. मोठ्या कपॅसिटरवर लोडमध्येही पुरेसे व्होल्ट होते, एमिटर रेझिस्टर सारखे वाटून घेत होते. काळा प्रोब ७८१२ च्या मधल्या पायाला लावला. बिनलोड १२ व्होल्ट, लोड देताच ११ च्या खाली. ७८१२ च्या इनपुटला १९ वरून १४ वर घसरण. त्याच्याजवळचा २२० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा छोटा कपॅसिटर हीटसिंकला जवळजवळ टेकून होता. वरून अजिबात फुगलेला नव्हता, पण आतून पूर्ण वाळलेला. लोड वाढला की ड्रायव्हरला बेस करंट जास्त लागतो, तो या छोट्या सप्लायमधून येतो, आणि तोच कोसळत होता. १०५ अंशांचा नवा कपॅसिटर हीटसिंकपासून लांब वाकवून बसवला आणि काम झालं. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. म्हणून हीटसिंकशेजारचे छोटे कपॅसिटर फुगलेले नसले तरी संशयित धरायचे.

गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी

पहिल्यांदा सिरीज बोर्डवर, व्होल्टेज नॉब शून्यावर. नॉब सावकाश वर नेत पूर्ण रेंज बघा. मग सिरीज बल्ब काढा. आधी २१ वॅटचा बल्ब, नंतर पूर्ण करंटचा लोड, निदान अर्धा तास, झाकण लावून. झाकण उघडं ठेवून घेतलेली चाचणी उपयोगाची नाही, कारण खरी उष्णता बंद पेटीतच साठते. करंट १ अँपिअरवर ठेवून टर्मिनल शॉर्ट करा. सीसीचा दिवा लागून करंट १ वरच थांबला पाहिजे. ५ व्होल्टवर ठेवून मेनचा स्विच चालू-बंद करा आणि आउटपुट क्षणभर वर उडी घेतं का ते स्कोपवर बघा. स्कोप नसेल तर मीटरच्या मॅक्स मोडवर, पण तो फक्त संथ उडी पकडतो. उडी असेल तर दुरुस्ती अपुरी आहे. कंट्रोलच्या छोट्या सप्लायचे कपॅसिटर पुन्हा तपासा.

डिस्प्लेचे प्रीसेट सगळ्यात शेवटी लावायचे. आधी शून्य, मग ३० व्होल्ट, मग पुन्हा शून्य, कारण एक हलवला की दुसरा थोडा सरकतो. प्लगची अर्थपिन आणि चॅसिस यांच्यात जवळजवळ शून्य ओहम हवा. आउटपुटच्या दोन्ही टर्मिनलपासून चॅसिस मात्र ओपन. अर्थपिन तोडलेला प्लग असेल तर सप्लाय बदललेल्या प्लगशिवाय परत देऊ नका.

पावसाळ्यात महिनोन्महिने बंद राहणारा सप्लाय आठवड्यातून एकदा अर्धा तास लोडवर चालवायला गिऱ्हाइकाला सांगा. आतली ओल उडते. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: दुरुस्तीची तारीख, बदललेले पार्ट, कपॅसिटरवरचं बिनलोड आणि फुल लोडचं व्होल्टेज, ७८१२ चा कॉमन कुठे आहे, आणि प्रत्येक एमिटर रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट. पुढच्या वेळी तो सप्लाय उघडणाऱ्याचा, मग ते तुम्ही असा किंवा दुसरं कुणी, निम्मा वेळ वाचेल.